लेकराच्या पायाला प्लास्टर: पडल्यापासून पुन्हा पळेपर्यंत

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झड थोडी उघडली, म्हणून मी लेकीला घेऊन घराजवळच्या बगिच्यात गेले. वय अडीच वर्षं. घसरगुंडीवर एकटीला भीती वाटते, म्हणून तिला मांडीवर घेतलं आणि आम्ही दोघी घसरलो. अर्ध्यात तिच्या सँडलचा रबरी तळवा कडेला अडकला. तिचा पाय तिथेच राहिला आणि माझं वजन तिला घेऊन खाली गेलं. कडकन वगैरे काही आवाज झाला नाही. ती रडली, दहा मिनिटांत शांत झाली, घरी येऊन वरण-भात जेवली. फक्त उजवा पाय टेकवेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, मोच आली असेल, सकाळपर्यंत उतरेल. सकाळी ती पलंगाच्या कडेला धरून उभी राहायला गेली आणि पाय तसाच वर धरून माझ्याकडे पाहत राहिली.

नडगीचं हाड पिळवटून मोडलं होतं. त्यानंतरच्या सात आठवड्यांत जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. चालायला लागल्यापासून साधारण ५ वर्षांपर्यंतचं लेकरू डोळ्यांसमोर ठेवलं आहे. तुमच्या लेकराच्या हाडाचा निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच. पण दोन तपासण्यांच्या मधले दिवस आपल्याला घरी काढायचे असतात, आणि गर्दीच्या ओपीडीत त्या दिवसांबद्दल विचारायला वेळ मिळत नाही.

पहिला अर्धा तास

लेकरू पडलं की आपण त्याला काखेत हात घालून उभं करतो आणि "काही नाही झालं, चाल बरं" म्हणतो. हे करू नका. ते जसं पडलं आहे तसंच दोन मिनिटं राहू द्या, जवळ बसा, बोला. पाय वाकडा दिसतो आहे का, कुठे हाड बाहेर आलं आहे का, रक्त वाहतं आहे का, एवढंच पाहा. यातलं काही असेल, किंवा मांडी भराभर सुजत असेल, तर १०८ ला फोन लावा आणि पाय सरळ करण्याच्या भानगडीत पडू नका. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा.

पाय सरळ दिसत असला तरी त्याला आधार द्या. घरातली लहान उशी किंवा घडी घातलेली चादर पायाखाली घ्या, तिच्या दोन्ही कडा वर आणा आणि ओढणीने वरून सैल बांधा. वर्तमानपत्राची जाड गुंडाळीही चालते. बोटं मात्र उघडी ठेवा. सूज असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं लावा, उघडा बर्फ कातडीवर नको. तेल नको, बाम नको, चोळणं तर अजिबातच नको.

दवाखान्यात नेताना ऑटो किंवा कार करा. लेकरू दोघांच्या मध्ये बसवून गाडीवरून नेलं की पाय लोंबकळतो आणि प्रत्येक गतिरोधकाला ते किंचाळतं. आणखी एक, जे मला ठाऊक नव्हतं: पाय मोडल्याची शंका असेल तर डॉक्टरांनी पाहीपर्यंत दूध, बिस्किट, काहीच देऊ नका. हाड बसवण्यासाठी भूल द्यावी लागली तर पोट रिकामं लागतं. जेवणानंतर साधारण ६ तास थांबावं लागतं. आपण प्रेमाने दिलेल्या दोन बिस्किटांपायी लेकराचं दुखणं तेवढं लांबतं.

सायकल किंवा गाडीच्या चाकात पाय गेला असेल तर तो ओढून काढू नका. गाडी बंद करा, चाक हाताने धरून स्थिर करा, गरज पडली तर तारा कापून पाय मोकळा करा. अशा वेळी टाचेची कातडी सुरुवातीला नुसती खरचटल्यासारखी दिसते आणि दोन-तीन दिवसांनी काळी पडू लागते. म्हणून हाड शाबूत असलं तरी हा पाय त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवाच.

नेमकं दुखतं कुठे, हे कसं ओळखायचं

अडीच वर्षांचं लेकरू पोटरी दुखत असली तरी "पाय" म्हणतं, गुडघा दुखत असला तरी "पाय"च म्हणतं. माझी लेक तर "बाऊ" म्हणून चांगल्या पायाकडेही बोट दाखवायची. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा मी नीट पाहत होते. त्यांनी तिला माझ्या मांडीवरच राहू दिलं. आधी चांगला पाय हातात घेतला, त्याच्याशी खेळले, मग दुखऱ्या पायाच्या मांडीपासून सुरू करून बोटाबोटाने खाली आले. नजर पायाकडे नव्हती, तिच्या चेहऱ्याकडे होती. नडगीच्या खालच्या भागावर बोट टेकलं तेव्हा ती रडली नाही, फक्त खेळणं हातात धरून थांबली. तेवढ्यावरून त्यांनी जागा ओळखली.

घरी एक गोष्ट तपासता येते. लेकरू छान रांगतं आहे पण उभं राहायला तयार नाही, तर दुखणं बहुतेक गुडघ्याच्या खाली असतं. रांगायलाही नको म्हणत असेल तर गुडघा, मांडी, खुबा यांच्यावर शंका घ्या. डायपर बदलताना मांडी फाकवली की रडतं का, हेही पाहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

वाट किती पाहायची? लेकरू पाय जमिनीवर टेकवतच नसेल तर त्याच दिवशी. मी रात्रभर थांबले, ते चुकलंच. लेकरू नाटक करत नाही; ते पाय वर धरतं म्हणजे त्याला दुखतं. लंगडण्यासोबत ताप असेल आणि पडल्याचं काहीच आठवत नसेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. सांध्यात किंवा हाडात पू झाला तर असंच दिसतं आणि तिथे एकेक तास मोलाचा असतो.

नागपुरात कुठे जायचं

दिवसा असाल तर हाडांच्या डॉक्टरांकडे सरळ जा. धंतोली आणि रामदासपेठेत असे दवाखाने पुष्कळ आहेत, पण धंतोलीच्या गल्ल्यांत कार लावायला जागा मिळत नाही. म्हणून सोबत एक माणूस जास्तीचा ठेवा, तो गाडीचं पाहील आणि तुम्ही लेकरू घेऊन आत जाल. फोनवर आधी विचारून घ्या की लहान मुलांची हाडं पाहतात का. मुलांच्या हाडाच्या टोकांशी वाढीची चकती असते, ती मऊ असते आणि एक्स-रेवर नुसती काळी फट दिसते. मोडलेलं हाड आणि ही फट यांतला फरक सवयीच्या डोळ्याला पटकन कळतो.

सरकारीत जायचं तर मेडिकल चौकातलं मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूकडचं मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे हाडांचा विभाग आहे. रात्री-बेरात्री मोठा अपघात असेल तर मेडिकलमध्ये ट्रॉमा सेंटर आहे. रस्त्यावरचा अपघात असला की दवाखाना पोलिसांना कळवतो, त्याला एमएलसी म्हणतात. तो नेहमीचा नियम आहे, घाबरायचं कारण नाही.

शिधापत्रिका, आईबाबांचं आधार आणि लेकराचा जन्मदाखला एका पिशवीत टाकून निघा. भरती करून शस्त्रक्रिया करावी लागली तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत दर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं. भरतीच्या आधी तिथे जा, बिल झाल्यावर नव्हे.

डॉक्टर, नर्स आणि एक्स-रेवाले दादा, तिघंही तुम्हाला "कसं पडलं?" हेच विचारतील. मला तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा रडू आलं, वाटलं आपल्यावर संशय घेतायत. खरं म्हणजे एवढ्या लहान लेकराला कोणी मारलं तर नाही ना, हे पाहणं त्यांचं कामच आहे, आणि शिवाय पाय पिळवटला की आपटला यावरून हाड कसं मोडलं असेल ते त्यांना कळतं. जे झालं ते झालं तसं सांगा. "मांडीवर घेऊन घसरले" हे म्हणताना माझी जीभ जड झाली होती, पण त्या एका वाक्यानेच डॉक्टरांना नेमकं काय शोधायचं ते समजलं.

हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नका

हे वेगळं लिहिते, कारण आमच्याही घरात विषय निघाला. गावाकडे अमुक एक जण हात लावून हाड बसवतो, बांबूच्या कामट्या बांधतो आणि आठ दिवसांत लेकरू पळतं, असं प्रेमाने सांगणारं माणूस प्रत्येक नात्यात असतं. ताजं हाड मोडलं की पुढचे दोन-तीन दिवस आत सूज वाढत राहते. त्यावर कामट्या आवळल्या की सुजेला जागा उरत नाही, रक्त खाली पोहोचत नाही आणि स्नायू मरतात. बांबूची पट्टी सोडल्यावर काळा पडलेला पाय कापावा लागल्याची उदाहरणं हाडांच्या डॉक्टरांना नवी नाहीत. लहान लेकराची बहुतेक हाडं आपोआपच जुळतात, म्हणून या लोकांचं नाव होतं. जे लेकरू बिघडतं ते पुन्हा त्यांच्याकडे जात नाही.

आजीचा जीव तुटतो आणि ती हळद-तेल घेऊन बसते, तिचं मन मोडू नका. आम्ही चांगला पाय मालिशसाठी आजीला देऊन टाकला. रोज संध्याकाळी डाव्या पायाला तेल लागायचं, दोघीही खूश.

पहिला एक्स-रे चांगला आला तरी

एक्स-रे दोन बाजूंनी काढतात, समोरून आणि आडवा. लेकराला धरायला आईबाबांपैकी एकाने थांबावं लागतं. गरोदर असाल तर दुसऱ्या कोणाला पाठवा. आमचा पहिला एक्स-रे कोरा निघाला. मी सुटकेचा श्वास सोडला, पण डॉक्टर म्हणाले, "हाड मोडलं नाही असं नाही म्हणत मी, दिसत नाही एवढंच म्हणतो."

चालायला नुकत्याच लागलेल्या लेकरांत नडगीला अशी बारीक, तिरपी चीर पडते की पहिल्या दिवशी ती दिसतच नाही. हाड जागचं हललेलं नसतं, कारण मुलांच्या हाडावरचं आवरण जाड असतं आणि ते आतलं सगळं धरून ठेवतं. ७ ते १० दिवसांनी शरीर त्या जागी नवं हाड घालायला लागतं, तेव्हा पांढरी रेघ उमटते. आमच्या डॉक्टरांनी कच्चं प्लास्टर बांधून दिलं आणि नवव्या दिवशी पुन्हा बोलावलं. दुसऱ्या एक्स-रेत हाडाच्या कडेने पेन्सिलने ओढल्यासारखी फिकट रेघ होती. म्हणून पहिला एक्स-रे कोरा आला आणि लेकरू तरी चालत नसेल, तर दुसऱ्या तारखेला जायचं टाळू नका. बरं वाटत असलं तरी जा.

कच्चं आणि पक्कं

कच्चं प्लास्टर म्हणजे पायाच्या मागून अर्धी पट्टी आणि वरून बँडेज. सूज वाढली तर त्यात जागा असते. सूज उतरली की, साधारण आठवड्याभरात, गोल पक्कं प्लास्टर करतात. पांढरं प्लास्टर ओलं असताना गरम लागतं, लेकरू दचकतं. आधी सांगून ठेवा, "आता गरम-गरम लागेल, मग थंड होईल." ते हाताला लवकर कडक लागतं पण आतून वाळायला ४८ ते ७२ तास लागतात, आमच्याकडे पावसाळ्यात तर पूर्ण तीन दिवस लागले. तोवर उचलताना तळहातावर घ्या. बोटं रुतली की आत खड्डा पडतो आणि तो कातडीला टोचत राहतो. टेकवायला उशीच हवी, फरशी किंवा पलंगाची कड नको. फायबरचं प्लास्टर महाग असतं, पण हलकं आणि तासाभरात कडक. पळापळ करणाऱ्या लेकराला मी फायबरच म्हणेन. परवडत नसेल तर मन खट्टू करू नका, हाड पांढऱ्या प्लास्टरमध्येही तसंच जुळतं.

निघण्याआधी तीन गोष्टी विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या: या पायावर उभं राहू द्यायचं की नाही, पुढची तारीख कोणती, आणि रात्री काही झालं तर फोन कोणाला करायचा.

पहिल्या दोन रात्री

सगळ्यात जागं राहायचं ते इथे. पाय छातीच्या पातळीपेक्षा वर राहील अशा उशा रचा. जागेपणी दर एक-दोन तासांनी आणि रात्री दोन-तीनदा बोटं पाहा. मी मोबाइलचा टॉर्च लावून पाहायची. अंगठ्याचं नख चिमटीत दाबायचं, ते पांढरं होतं, सोडलं की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बोटं दुसऱ्या पायाच्या बोटांइतकीच ऊबदार हवीत. ती हलवता येतात का हे पाहायला "बोटं हलव" म्हणून उपयोग नाही. आम्ही "अंगठा टाटा कर" म्हणायचो, आणि ती दोन्ही अंगठ्यांनी टाटा करायची.

बोटं पांढरी किंवा निळी पडली, गार झाली, हलेनाशी झाली, किंवा बोट नुसतं वर उचललं तरी लेकरू ओरडलं, तर सकाळची वाट पाहू नका. लहान लेकरांत आणखी एक खूण असते, आणि बोटांचा रंग बदलण्याच्या आधीच ती दिसते: दुखणं कमी होण्याऐवजी वाढत जातं, औषधाने थांबत नाही, लेकरू कोणाच्याच कडेवर राहत नाही, सारखं तळमळतं. आत दाब वाढल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी "प्लास्टर आहे म्हणून किरकिरतं" असं म्हणू नका, उचला आणि दवाखान्यात न्या. तिथे प्लास्टर उभं चिरून सैल करतात.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉलचं सिरप देतात. बाटली नीट वाचा. ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं सिरप मिळतं आणि २५० मिलिग्रॅमचंही. डोळे मिटून एक चमचा दिला तर दुप्पट जाऊ शकतं. लेकराचं वजन सांगून मिलीमध्ये मात्रा लिहून घ्या आणि सोबतच्या मापानेच द्या. मोठ्यांची गोळी तोडून नको, अ‍ॅस्पिरिन तर लेकरांना द्यायचंच नाही.

घरातले चार आठवडे

अंघोळ म्हणजे ओल्या पंचाने अंग पुसणं. प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधली तरी नळाखाली धरू नका, वरून पाणी आत शिरतंच. पिशवी काम झालं की लगेच काढा आणि लेकराच्या हाती लागू देऊ नका. पांढरं प्लास्टर भिजून मऊ झालं तर बदलावंच लागतं. फायबर वरून भिजलं तरी आतला कापूस ओला राहतो आणि कातडी कुजते, म्हणून तेही दाखवा. उन्हाळ्यात प्लास्टर पडलं तर आणखी कठीण. कूलरची दमट हवा सरळ प्लास्टरवर घेऊ नका, खिडकी उघडी ठेवून कूलर चालवा.

दुसऱ्या आठवड्यात एका रात्री ती झोपेतून किंचाळून उठली. मला वाटलं हाडच सरकलं. दिवा लावला तर बोटांजवळ लाल मुंग्यांची रांग. दुपारी बिस्किट खाताना चुरा प्लास्टरच्या कडेतून आत गेला होता. तेव्हापासून खाताना पायावर टॉवेल, खाऊन झालं की कड कोरड्या फडक्याने पुसायची, आणि पलंगाचे पाय भिंतीपासून दूर. लेकरं प्लास्टरच्या आत मणी, शेंगदाणे, पेन्सिलीचे तुकडेही घालतात. अचानक वास यायला लागला, एकाच जागी दुखतं म्हणायला लागलं किंवा ताप आला, तर आत काय आहे ते डॉक्टरांना पाहू द्या.

खाज सुटली की विणायची सुई, पट्टी, पेनाची कांडी, काहीही आत घालायचं नाही. आतली बारीक जखम आपल्याला दिसत नाही आणि पिकते. पावडर, तेलही नाही. बाहेरून प्लास्टरवर टिचक्या मारा, केस वाळवायच्या यंत्राची थंड हवा कडेतून सोडा, नाहीतर दुसऱ्या पायाची तीच जागा खाजवा. शेवटचा उपाय विचित्र वाटतो, पण आमच्याकडे बऱ्यापैकी लागू पडला.

कपड्यांत फ्रॉक आणि सैल चड्डी. चड्डीची एक बाजू उसवून तिथे नाडी लावली की काम होतं. आठवडाभरात ती प्लास्टरसकट रांगायला लागली, फरशीवर टकटक आवाज करत. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रांगू द्या. जिने आणि गॅलरीचं दार मात्र बंद ठेवा, जड पायामुळे लेकराचा तोल जातो. शी-शू सांगणारी लेक पुन्हा डायपरवर आली, रात्री घाबरून उठायला लागली, प्रत्येक गोष्टीला "नाही" म्हणायला लागली. यावर रागावू नका, महिन्याभरात सगळं जागेवर येतं. बाहुलीला जुन्या ओढणीचं प्लास्टर बांधून दिलं तेव्हापासून तिचा बराचसा राग बाहुलीवर निघाला. रोज सकाळी ती बाहुलीचं नख दाबून पाहायची.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. दूध, दही, अंडं, घट्ट वरण, ज्वारीची भाकर, तिळाची चटणी, पालेभाजी, एवढं पुरे. हाडाच्या सूपाने किंवा दुकानातून स्वतः आणलेल्या कॅल्शियमने हाड लवकर जुळत नाही. ड जीवनसत्त्व कमी असेल तर डॉक्टर देतील. बसून राहिल्याने शी घट्ट होते, म्हणून पाणी जास्त आणि पपई, पेरू असं फळ रोज.

मांडीचं हाड मोडलं असेल तर

हे प्रकरण मोठं असतं. ६ महिने ते ५ वर्षांच्या लेकराला बहुधा भूल देऊन छाती-कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर करतात, ते ४ ते ८ आठवडे राहतं. त्याहून मोठ्या मुलांत हाडात लवचीक टायटॅनियमच्या सळ्या घालतात. कमरेच्या प्लास्टरमध्ये खरी कसोटी शी-शूची. लहान मापाचा डायपर प्लास्टरच्या कडेच्या आत खोचायचा आणि त्यावरून मोठा बांधायचा, दर दोन तासांनी पाहायचं. डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवली की लघवी पाठीकडे जात नाही. दोन पायांच्या मध्ये दांडी असते, ती धरून उचलू नका. दोन माणसांनी मिळून उचला आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदला. मोडून जुळलेलं मांडीचं हाड पुढे थोडं जास्तच वाढतं, कधी एक-दोन सेंटिमीटर, म्हणून दोन्ही पायांची लांबी नंतरही तपासून घ्यावी लागते. वाढीच्या चकतीला मार लागला असेल तरी वर्षभर तारखा चुकवू नका.

प्लास्टर काढताना आणि नंतर

लहान लेकराची नडगी ३-४ आठवड्यांत जुळते. मोठ्या माणसाला तिथे चार-चार महिने लागतात. प्लास्टर कापायच्या यंत्राचा आवाज मात्र लाकूड कापल्यासारखा येतो आणि लेकरू त्यालाच घाबरतं. त्याचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक वस्तू कापतं, मऊ कातडी त्याच्याबरोबर हलते. आमच्या प्लास्टर रूममधल्या दादांनी ते चालू असतानाच स्वतःच्या तळहाताला टेकवून दाखवलं. तरी ती रडलीच. कानांवर हात ठेवा, तोंडाने काहीतरी गुणगुणत राहा, दोन मिनिटांत संपतं.

आतून जो पाय निघतो तो पाहून धक्का बसतो. बारीक झालेला, पापुद्रे सुटलेला, त्यावर जास्त केस. कोमट पाण्यात भिजवा, हलक्या हाताने टिपा, खोबरेल तेल नुसतं लावा, घासू नका. काही दिवसांत कातडी साफ होते.

आणि मग जे कोणी सांगत नाही ते: प्लास्टर काढल्या दिवशी लेकरू चालत नाही. माझी लेक पहिले चार दिवस रांगलीच. मग भिंत धरून, मग पाऊल बाहेरच्या बाजूला वळवून, लंगडत. घरी येणारा प्रत्येक पाहुणा "पाय वाकडा राहिला काहून?" विचारायचा. हा लंगडेपणा तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त राहतो आणि आपोआप जातो. एवढ्या लहान लेकराला फिजिओथेरपी सहसा लागत नाही. हात धरून "सरळ चाल" म्हणून चालवू नका. जमिनीवर खडे पसरा आणि उकिडवं बसून वेचायला सांगा, टबात पाय मारू द्या, वाळूत खेळू द्या, एक-दोन पायऱ्या चढू द्या. दुखलं की ते स्वतःच बसतं. आठवडा उलटूनही पाय टेकवतच नसेल, पुन्हा सूज किंवा ताप आला, किंवा लंगडणं कमी होण्याऐवजी वाढलं, तर दाखवा.

घसरगुंडी, उड्या, झुला यांच्यासाठी डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबा. आणि लेकराला मांडीवर घेऊन घसरगुंडीवर कधीच बसू नका. एकटं घसरताना पाय अडकला तर त्याचं स्वतःचं वजन थांबतं, आपल्या मांडीवर असलं की आपलं सगळं वजन त्या एका नळीवर येतं. त्याला भीती वाटत असेल तर बाजूला उभं राहून हात धरा, नाहीतर अजून सहा महिने थांबा. गाडीच्या मागच्या चाकाला साडी गार्ड नसेल तर आजच बसवून घ्या.

आमचं प्लास्टर निघालं त्यानंतर तीन आठवड्यांनी पोळा आला. दुसऱ्या दिवशी, लेकरांच्या तान्ह्या पोळ्याला, सकाळी आजी टीव्हीवर मारबतीची, म्हणजे रोगराई-इडापिडा सोबत नेणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक पाहत होती आणि पुटपुटत होती, "माझ्या नातीच्या पायाचं दुखणं घेऊन जा गे मारबत." संध्याकाळी लेकीने लाकडी नंदी दोरीने ओढत गल्लीतून नेला. उजवं पाऊल अजून किंचित बाहेर पडत होतं. चार घरं झाली, चार जागी खाऊ मिळाला. पाचव्या घराच्या फाटकाशी ती थांबली आणि दोन्ही हात वर केले. मी तिला कडेवर घेतलं, नंदी तिच्या बाबांनी ओढला.